कर्नाळ्याची पहाट, आगरी मांडव आणि ध्वनिमुद्रकाची निवड

स्टुडिओच्या बंद खोलीत न करता, आवाज जिथे उमटतो तिथेच जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला क्षेत्रीय ध्वनिमुद्रण म्हणतात. पक्ष्यांचे अभ्यासक, बोलींचे संशोधक, लोकगीतांचे संग्राहक, माहितीपट करणारे आणि चित्रपटासाठी जागेवरचा आवाज घेणारे तंत्रज्ञ अशा नाना प्रकारच्या लोकांना हे काम करावे लागते, आणि खांद्याला अडकवून नेता येईल असा कोणता ध्वनिमुद्रक, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळे रेकॉर्डर म्हणतात ते यंत्र, घ्यावा हा प्रश्न त्या सर्वांनाच पडतो. दुकानात या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या आणि सोयींच्या तक्त्यात शोधले जाते. वास्तविक ते यंत्रापेक्षा जागेत अधिक असते. जिथे मुद्रण करायचे तिथे मुळात शांतता किती आहे, हवा असलेला आवाज किती हळू किंवा किती मोठा आहे आणि त्याच्या किती जवळ जाता येते, या तीन गोष्टी नीट कळल्या की यंत्राची निवड बरीचशी त्यांतूनच ठरते.

हे समजून घेण्यासाठी पनवेल तालुक्याइतका बोलका प्रदेश क्वचितच मिळेल. शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळा अभयारण्य आहे, जिथे पहाटे श्यामा, दयाळ आणि शीळकरी कस्तुर गातात. खाडीकाठच्या गावांतून आगरी लग्नांत धवलारिणी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणतात. प्रबळगडाच्या पायथ्याशी आणि आसपासच्या डोंगरउतारांवर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, ज्यांची बोली कागदावर फार थोडी उतरली आहे. याच तालुक्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, कळंबोलीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तळोज्याची औद्योगिक वसाहत रात्रंदिवस चालते आणि उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग कधी खंडत नाही. त्यात आता विमानांची भर पडली आहे. उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. विमाने येण्याआधी या परिसरातली पहाट कशी ऐकू येत होती, हे ज्यांनी तेव्हा मुद्रित केले त्यांच्याच संग्रहात आता सापडेल. अशा बदलत्या प्रदेशात आज केलेले प्रत्येक मुद्रण हा उद्याचा दस्तऐवज असतो, आणि म्हणून यंत्र निवडताना ते दस्तऐवजाच्या लायकीचे आहे का, हाच निकष लावला पाहिजे.

आवाज जपण्याचे साधन नसले म्हणजे काय हरवते, याचे उदाहरण मराठीत ठळक आहे. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ पोथ्यांमधून आजपर्यंत पोचले, पण ते कोणत्या चालीवर म्हटले जात हे पोथी सांगू शकत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातल्या बोलींचे नमुने छापलेले आहेत, मात्र बोलीतला हेल छपाईत उतरत नाही. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत व गायकाला त्या तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. गायकाने यंत्राकडे यावे ही रीत पालटून यंत्राने गायकाकडे जावे ही रीत खऱ्या अर्थाने रुळली ती पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये घडवलेल्या ‘नाग्रा’ या फितीच्या यंत्रांमुळे. यांतले पहिले १९५१ मध्ये आले आणि पुढच्या दशकांत जगभरचे चित्रपट व नभोवाणी त्यांवर विसंबून राहिली. १९८७ मध्ये आलेल्या डॅट या अंकीय फितीने आवाज आकड्यांच्या रूपात साठवण्याची सोय क्षेत्रात नेली, आणि २००५ मध्ये सोनीने डॅट यंत्रे बनवणे थांबवल्यावर ज्यांच्याकडे केवळ फिती होत्या त्यांना त्या ऐकण्यासाठी चालू यंत्रे शोधत फिरावे लागले. यंत्र कालबाह्य होते, पण त्यातून बाहेर काढलेली, सर्वांना उघडता येणारी फाइल टिकते, ही गोष्ट निवडीच्या वेळी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातील या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम पनवेलच्या घाटापलीकडे झाले. पुण्याच्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काही ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा संग्रह लोकांसमोर आणला. लिहून घेतलेल्या ओव्यांच्या मानाने मुद्रित झालेल्या ओव्या थोड्या आहेत. पण जिथे आवाज आहे तिथे ओवीच्या शब्दांबरोबर जात्याची घरघर, दोन बायकांनी एकमेकींचा सूर उचलणे आणि मध्येच घेतलेला श्वास हे सारे मिळते. चांगल्या यंत्राचे काम नेमके हे असते.

यंत्राच्या गुणवत्तेचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज. माइकमधून येणारा विद्युतसंदेश अत्यंत क्षीण असतो. त्याला मोठे करणारा जो आरंभीचा विवर्धक यंत्रात बसवलेला असतो त्याला प्रीअँप म्हणतात, आणि हा प्रीअँप मूळ संदेशात स्वतःची बारीक ‘हिस्स’ मिसळतो. ही भर किती, हे उत्पादक ‘समतुल्य निविष्ट गोंगाट’ या आकड्याने सांगतात. तो उणे डेसिबलमध्ये दिलेला असतो आणि जितका अधिक उणे तितके यंत्र अधिक शांत. दीडशे ओहम रोधाच्या माइकसाठी निसर्गनियमांनी घातलेली मर्यादा उणे १३१ च्या आसपास आहे, त्यामुळे उणे १२७ ते उणे १३० देणारे यंत्र जवळजवळ पूर्णत्वाला पोचलेले समजावे, आणि उणे ११० च्या घरातले यंत्र शांत जंगलात उघडे पडते. मोजणीच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने दोन कंपन्यांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. त्यापेक्षा रात्रीच्या वेळी बंद खोलीत, आपलाच माइक लावून, यंत्राचे गेन म्हणजे विवर्धन पूर्ण वाढवावे, मिनिटभर मुद्रण करून ते कानावर बंद बसणाऱ्या हेडफोनने ऐकावे. दोन यंत्रांतला फरक माहितीपत्रकाआधी कानाला कळतो.

मात्र शांत प्रीअँपसाठी पैसे मोजण्यापूर्वी जागेचा विचार करावा लागतो. कर्नाळा अभयारण्य १९६८ मध्ये स्थापन झाले, त्याचे क्षेत्र आज सुमारे बारा चौरस किलोमीटर आहे, आणि महामार्ग त्यातूनच जातो. प्रवेशद्वाराजवळ उभे राहून मुद्रण करणाऱ्याला सर्वोत्तम प्रीअँपचा काहीही उपयोग होत नाही, कारण यंत्राची हिस्स ऐकू येण्याच्या कितीतरी आधी ट्रकचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी बहुतेक जण यंत्रातील ‘लो-कट’ ही सोय वापरतात. ठरावीक कंपनसंख्येच्या, बहुधा ८० किंवा १२० हर्ट्झच्या, खालचे आवाज ती गाळून टाकते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. या गाळणीने इंजिनाची खर्जातली घुरघुर जाते, पण रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा आवाज सर्वाधिक असतो तो एक हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे शीळकरी कस्तुराच्या शिळेच्या अगदी शेजारी, आणि तो कोणत्याही गाळणीने पक्ष्याला धक्का न लावता काढता येत नाही. इथे डोंगरच कामाला येतो. आड आलेली डोंगरसोंड उंच कंपनसंख्येचे आवाज चांगले अडवते आणि खर्ज मात्र तिला वळसा घालून पलीकडे पोचतो. म्हणून अभयारण्यातल्या किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर महामार्ग एखाद्या सोंडेआड गेला की टायरांचा आवाज डोंगर अडवतो, उरलेला खर्ज गाळणी काढते, आणि तिथपासून पुढे शांत प्रीअँपची किंमत वसूल होऊ लागते. विमानाला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण ते वरून येते आणि त्याच्या आड काही उभे करता येत नाही. त्यासाठी वेळच निवडावी लागते. पहाटेच्या कामासाठी वनखात्याची आगाऊ परवानगी घ्यावी लागते हे ओघानेच आले, आणि मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा मोह विणीच्या काळात तरी पूर्णपणे टाळावा, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून पक्षी घरटे सोडून धावतो.

पक्ष्यांच्या मुद्रणाचा उल्लेख निघाला म्हणजे श्यामाचे नाव घ्यावेच लागते. जगातील आज उपलब्ध असलेले पक्ष्याच्या आवाजाचे सर्वांत जुने मुद्रण १८८९ मधले आहे. लुडविग कोख या लहान मुलाने जर्मनीत एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे गाणे टिपले, आणि तो पक्षी श्यामा होता. कर्नाळ्यातला श्यामा पिंजऱ्यात नसतो, दाट झाडीत दडून गातो, आणि त्याच्या जवळ जाता येत नाही. इथे ध्वनीचा एक साधा नियम निर्णायक ठरतो: उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि निम्मे झाले की तेवढाच चढतो. दोन यंत्रांच्या किमतीत मोठे अंतर असूनही त्यांच्या प्रीअँपमधला फरक अनेकदा याहून कमी भरतो. जिथे चार पावले पुढे जाता येते तिथे ती चार पावले महागड्या यंत्राचे काम करतात. जिथे पुढे जाता येत नाही, म्हणजे पक्ष्यांच्या बाबतीत, तिथे माइकच्या निवडीला यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व येते. माइकलाही स्वतःचा गोंगाट असतो आणि तो यंत्राच्या गोंगाटाहून मोठा असेल तर यंत्र बदलून काहीच साधत नाही. पक्ष्यासाठी समोरचेच प्रामुख्याने ऐकणारा लांब नळीचा ‘शॉटगन’ माइक किंवा खोलगट तबकडीच्या नाभीवर बसवलेला माइक वापरतात. ही तबकडी आवाज एकवटते, पण केवळ तिच्या व्यासाहून लहान तरंगलांबीचा. साठ सेंटीमीटर व्यासाची तबकडी साधारण सहाशे हर्ट्झच्या वर काम करते, म्हणजे श्यामाला ती उत्तम आणि घुबडाच्या घुमण्याला निरुपयोगी. असे दर्जेदार माइक चालवण्यासाठी यंत्राकडून ४८ व्होल्टचा ‘फँटम’ विद्युतपुरवठा लागतो आणि तो एक्सएलआर या तीन पिनांच्या, खटकन बसणाऱ्या जोडणीतून मिळतो. व्यावसायिक कामासाठी घ्यायच्या यंत्राला अशा निदान दोन जोडण्या असाव्यात, हा या निवडीतला सर्वांत कमी तडजोडीचा मुद्दा होय. नुसत्या अंगच्या माइकवर चालणारे यंत्र कितीही चांगले असले तरी त्याची वाढ तिथेच थांबते.

वाऱ्याबाबत थोडक्यात एवढेच सांगणे पुरे, की खाडीकाठी किंवा गडमाथ्यावर माइकवर केसाळ आवरण नसेल तर मुद्रण वाया जाते, आणि फोमची टोपी हे केसाळ आवरण नव्हे. यंत्राच्या खर्चातच याचा खर्च धरावा.

आवाजाच्या दुसऱ्या टोकाला आगरी लग्नाचा मांडव आहे. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात लग्नविधीतील गाणी म्हणणाऱ्या जाणत्या बाईला धवलारीण म्हणतात. विधीचा प्रत्येक टप्पा तिच्या धवल्यांनी पुढे सरकतो, ती ओळ टाकते आणि भोवतीच्या बायका ती उचलून धरतात. अशा जाणत्या धवलारिणी आता बहुधा वयस्क आहेत आणि हळदीच्या रात्री मांडवाबाहेर डीजे लागलेला असतो. इथे अंतराचा नियम पूर्णपणे मुद्रकाच्या बाजूने असतो, कारण धवलारिणीच्या हातभर अंतरावर माइक ठेवता येतो, आणि तो तसाच ठेवावा. मांडवाच्या कोपऱ्यातून केलेल्या मुद्रणात डीजे, पंखे आणि पंगतीच तेवढ्या ऐकू येतात. माइक जमिनीवर किंवा पाटावर न ठेवता छोट्या स्टँडवर, तोंडाच्या उंचीच्या थोडा खाली आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना सुटणारी हवा सरळ त्यावर आदळत नाही आणि जमिनीवरचा पावलांचा धपधप आवाज स्टँडमधून वर चढत नाही. धवलारिणीसाठी एक आणि मागून उचलून धरणाऱ्या बायकांसाठी दुसरा, असे दोन माइक दोन वेगळ्या पट्ट्यांवर म्हणजे ट्रॅकवर घेतले तर पुढे शब्द उतरवून घेताना ओळ कोणाची हे स्वच्छ कळते. घरच्या लोकांच्या बोलण्यातून विधी कोणता चालू आहे हेही मुद्रणात आपोआप नोंदले जाते, म्हणून त्यांना गप्प बसवण्याचा आग्रह धरू नये.

मांडवात धोका असतो तो आवाज फाटण्याचा. एखादा धवला हळू आवाजात चालू असताना लेव्हल म्हणजे मुद्रणाची पातळी वाढवावी आणि नेमकी त्याच वेळी बाहेर फटाक्यांची माळ लागावी, हे तिथे नेहमीचेच आहे. यंत्राच्या कमाल मर्यादेपलीकडे गेलेला आवाज वरून कापला जातो आणि नंतर कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. या दुखण्यावर गेल्या काही वर्षांत आलेला इलाज म्हणजे ‘३२-बिट फ्लोट’. सोप्या शब्दांत सांगायचे तर आवाजाची प्रत्येक क्षणाची पातळी किती अंकांत लिहून ठेवायची, हे बिटांच्या संख्येने ठरते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सिद्धांततः ९६ डेसिबलपर्यंत मावते, २४ बिटांत १४४ पर्यंत, आणि फ्लोट पद्धतीत दशांशचिन्ह सरकवण्याची सोय असल्याने ते व्यवहारात अमर्याद होते. अशी यंत्रे साधारणपणे एकच आवाज एकाच वेळी दोन वेगवेगळ्या विवर्धनांनी मोजतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोन्ही मोजणी जुळवून फाइल तयार करतात. त्यामुळे मुद्रण झाल्यावर संगणकावर पातळी खाली आणली की फाटल्यासारखा दिसणारा आवाज अखंड निघतो. जुन्या जाणकारांपैकी काही जण या सोयीला आळशीपणा म्हणतात. ते मत स्वीकारण्याजोगे नाही. क्षेत्रात बहुधा एकटाच माणूस असतो, त्याला माणसांशी बोलायचे असते, वही लिहायची असते, आणि सतत लेव्हलच्या काट्यावर डोळा ठेवणे म्हणजे समोरच्या धवलारिणीकडे पाठ फिरवणे होय. एवढे मात्र खरे, की माइकच त्याच्या सहनशक्तीपलीकडे गेला तर फ्लोट काही वाचवू शकत नाही, आणि हेडफोनने ऐकण्याची जबाबदारीही त्याने टळत नाही, कारण सैल वायरची खरखर किंवा खिशातल्या मोबाइलची गुरगुर त्याच्या फाइलमध्येही तितक्याच इमानाने उतरते.

बिटांच्या जोडीला दुसरा आकडा असतो तो नमुनादराचा, म्हणजे एका सेकंदात आवाज किती वेळा मोजला जातो याचा. माणसाचा कान सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ते टिपायला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने लागतात, म्हणून ४८ हजारांचा दर बोली आणि गाणी यांसाठी पूर्ण पुरेसा आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही संग्रहासाठी किमान ४८ हजार आणि २४ बिट हाच दंडक घालून दिला आहे. ९६ हजारांचा किंवा त्याहूनही अधिक दर वटवाघळे किंवा काही कीटक यांच्यासारख्या कानापलीकडच्या आवाजांना, किंवा आवाज पुढे संथ करून तपासायचा असेल तर लागतो. दोन पट्ट्यांचे ४८ हजार आणि २४ बिटांचे एक तासाचे मुद्रण सुमारे १ जीबी जागा घेते, फ्लोटमध्ये तेच सुमारे १.४ जीबी होते. कार्डे आता इतकी स्वस्त आहेत की जागा वाचवण्यासाठी एमपी३ निवडण्याला काहीही समर्थन उरलेले नाही. एमपी३ कानाला जाणवणार नाहीत असे समजून आवाजाचे काही भाग कायमचे टाकून देते, आणि बोलीच्या अभ्यासकाला किंवा पक्ष्याच्या हाकेचा आलेख काढणाऱ्याला पुढे नेमके तेच भाग हवे असतात. मुद्रण ‘वेव्ह’ फाइलमध्येच करावे.

कोकणातला पावसाळा हा या निवडीतला असा घटक आहे की ज्याचा उल्लेख परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. तिबोटी खंड्या विणीसाठी पावसाच्या तोंडावर कर्नाळ्यात येतो, शीळकरी कस्तुराचे गाणे पावसाळ्यातच सर्वाधिक रंगते, गाढी नदी याच दिवसांत भरून वाहते; म्हणजे ज्या काळात मुद्रणासारखे सर्वाधिक असते त्याच काळात हवेतला दमटपणा यंत्राला सर्वाधिक छळतो. कंडेन्सर जातीच्या माइकमध्ये ओल शिरली की त्यातला विद्युतभार गळू लागतो आणि मुद्रणात फटफट, कडकड असे आवाज येतात. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेसारखे रेडिओ-कंपनांच्या तत्त्वावर चालणारे माइक या दुखण्याला पुष्कळ पुरून उरतात आणि म्हणूनच महाग असूनही जगभरच्या दमट जंगलांत तेच वापरले जातात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांनी माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर यंत्र बाहेर काढू नये, कारण थंड धातूवर बाहेरच्या हवेतले बाष्प लगेच जमते; पिशवी बंद ठेवून यंत्राला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. ओढ्याशेजारचा कस्तुर मुद्रित करताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे वाहत्या पाण्याचा आवाज खर्जापासून तारेपर्यंत सर्वत्र पसरलेला असल्याने तिथे लो-कट निष्फळ ठरतो. पाणी एखाद्या खडकाआड जाईल आणि पक्षी मोकळा ऐकू येईल अशी जागा पायांनीच शोधावी लागते.

विजेचा प्रश्नही असाच जागेशी बांधलेला आहे. ठाकूरवाडीतून वर प्रबळमाचीकडे जाणाऱ्याला किंवा एखाद्या कातकरी वाडीत दिवसभर बसणाऱ्याला चार्जिंगची सोय मिळेलच असे नाही. वाणसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या डबल-ए सेलवर आणि शिवाय मोबाइलच्या पॉवर बँकेवरही चालणारे यंत्र म्हणूनच इथे अधिक उपयोगी पडते. फँटम पुरवठा चालू असताना सेल जाहिरातीतल्या तासांपेक्षा बरेच लवकर संपतात, हेही गृहीत धरावे.

एवढ्या कसोट्या लावल्यावर बाजारातील नावे बरीच कमी होतात. दोन माइक, एक माणूस आणि पाठीवर पिशवी अशा कामासाठी २०२२ मध्ये आलेला झूम कंपनीचा एफ-३ हा आजचा सर्वांत समर्पक पर्याय आहे: मुठीत मावणारा, दोन एक्सएलआर जोडण्यांचा, उणे १२७ इतक्या शांत प्रीअँपचा, केवळ ३२-बिट फ्लोटमध्ये मुद्रण करणारा आणि दोन डबल-ए सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा. त्याला स्वतःचे माइक नाहीत, पण तो दोष मानू नये. माहितीपट किंवा चित्रपटासाठी अधिक माइक आणि कॅमेऱ्याशी आवाज जुळवणारा कालसंकेत लागत असेल तर साउंड डिव्हायसेसची मिक्सप्री मालिका घ्यावी. २०१९ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्यातही फ्लोटची सोय आहे, तिचे प्रीअँप या किमतीत सर्वोत्तमांपैकी आहेत, आणि तिची विजेची भूक मोठी आहे. ज्यांना बसल्या बसल्या मुलाखत घ्यायची आहे आणि अंगचे माइकही हवे आहेत त्यांना टास्कॅमची पोर्टाकॅप्चर यंत्रे सोयीची पडतात. जुन्या बाजारात अजूनही फिरणारे सोनीचे पीसीएम-डी१०० हे यंत्र अंगच्या शांत माइकसाठी नावाजलेले होते, पण त्याला एक्सएलआर नाही आणि त्याचे उत्पादन थांबले आहे, तेव्हा व्यावसायिक कामासाठी एकमेव यंत्र म्हणून ते घेऊ नये. झाडाला बांधून आठवडेच्या आठवडे ठेवायचे ‘ऑडिओमॉथ’ हे चिमुकले यंत्र वेगळ्याच कामाचे आहे. विमानतळाचा पक्ष्यांच्या पहाटगाण्यावर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षे मोजायचे असेल तर हाती धरायच्या कोणत्याही रेकॉर्डरपेक्षा ते अधिक उपयोगाचे.

सगळ्यांच्या खिशात असलेला मोबाइल या यादीत नाही, त्याचे कारण त्याचा माइक वाईट असतो असे नव्हे. मोबाइल बोलणे सुस्पष्ट करण्यासाठी बनवलेला असल्याने तो पार्श्वभूमीचा आवाज स्वतःच दाबतो आणि हळू आवाज स्वतःच चढवतो. त्यामुळे धवल्याच्या दोन ओळींमधल्या जागेत पंख्याचा आवाज एकदम फुगतो आणि ओळ सुरू झाली की दबतो. तरीही वाडीतली एखादी म्हातारी आज गोष्ट सांगायला बसली असेल आणि यंत्र हाताशी नसेल, तर मोबाइल काढावा आणि तिच्याजवळ ठेवावा. चांगल्या यंत्राची वाट पाहण्यात गेलेली गोष्ट परत मिळत नाही.

एकूण रक्कम ठरलेली असेल तर तिचा निम्म्याहून अधिक भाग माइक, वाऱ्याचे आवरण, स्टँड, हेडफोन आणि चांगल्या वायरी यांवर खर्च करावा आणि उरलेल्यात यंत्र बसवावे. यंत्रे चार-पाच वर्षांत जुनी होतात, पण चांगला माइक नीट जपला तर वीस वर्षेही चालतो. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, वाडी, विधी किंवा पक्षी यांची नोंद स्वतःच्या आवाजात करावी, आणि माणसे असतील तर त्यांची संमती त्यांच्याच तोंडून त्याच फाइलमध्ये घ्यावी, कारण १९९४ च्या दुरुस्तीपासून प्रताधिकार कायदा गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क मान्य करतो, आणि कायदा नसता तरी धवला आधी तो म्हणणारीचाच आहे. त्याच दिवशी फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पक्ष्यांचे मुद्रण ‘झेनो-कँटो’सारख्या खुल्या जागतिक संग्रहात देता येते, बोली आणि गाणी यांसाठी गुरुग्रामचे लोकसंगीत संग्रहालय आहे आणि मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करणारे पुण्याचे डेक्कन कॉलेजही आहे. आणि गाणाऱ्या घराला त्यांच्या मोबाइलवर सहज वाजेल अशी एक हलकी प्रत काढून द्यावी. एमपी३ या कामासाठी मात्र उत्तम आहे.